अविवाहितांचा दत्तकाधिकार : शास्त्र, रूढी आणि कायदा

दत्तकाचा विषय निघाला की आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. निपुत्रिक दांपत्य, भाऊबंदांतील एखादा मुलगा, पुरोहितांनी सिद्ध केलेला होम, मांडीवर बसविलेले मूल आणि शेवटी वाटलेली साखर. या चित्रात पती आहे, पत्नी आहे, अथवा निदान पतीच्या पश्चात मागे राहिलेली विधवा आहे. ज्याचे वा जिचे लग्नच झालेले नाही अशा माणसास त्यात कोठेही जागा नाही. म्हणूनच एखाद्या अविवाहित गृहस्थाने किंवा प्रौढ कुमारिकेने मूल दत्तक घेण्याचा विचार बोलून दाखविला की, हे शास्त्राला धरून आहे काय आणि कायद्याला चालते काय, असे दोन प्रश्न विचारले जातात. आणि उत्तराची वाट न पाहता बहुधा दोहोंचे उत्तर नकारार्थी ठरवून टाकले जाते.

आपल्या ज्ञातिकुटुंबांत अविवाहित राहिलेली माणसे आज पुष्कळ आहेत. कोणी आईवडिलांच्या दीर्घ आजारपणामुळे, कोणी धाकट्या भावंडांच्या शिक्षणापायी, तर कोणी स्वेच्छेने लग्न केले नाही. त्यांच्यापैकी काहींना उतारवयाच्या आत आपल्या घरात एक मूल असावे असे वाटते, आणि ते मनुष्यस्वभावास धरूनच आहे. आम्ही कायदेपंडित नव्हे. मुलांना इतिहास शिकविणे हाच आमचा जन्मभराचा व्यवसाय. परंतु इतिहासाच्या अंगाने या विषयाकडे पाहिले असता असे दिसते की, दत्तकाचे नियम कधीच अचल नव्हते, आणि ते ज्या ज्या वेळी बदलले त्या त्या वेळी "दत्तक कोणासाठी?" या एकाच प्रश्नाचे उत्तर बदलले होते. तो क्रम वाचक बंधुभगिनींपुढे यथामति मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शास्त्रकारांचा विचार

प्राचीन स्मृतींत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. औरस, क्षेत्रज, दत्त, कृत्रिम, क्रीत इत्यादी नावे जुन्या ग्रंथांच्या वाचकांस परिचित असतील. कालांतराने निबंधकारांनी कलियुगात औरस आणि दत्तक हे दोनच पुत्र ग्राह्य मानले व बाकीचे बहुतेक प्रकार मागे पडले. पुत्र हवा तो कशासाठी? तर पितरांचे ऋण फेडण्यासाठी, पिंडदानासाठी आणि कुळाचे नाव चालविण्यासाठी. ज्यास औरस पुत्र नाही त्याने दुसऱ्याचा पुत्र विधिपूर्वक स्वीकारून हे कर्तव्य पार पाडावे, अशी ती योजना होती.

या योजनेतून काही गोष्टी आपोआपच निष्पन्न झाल्या. पिंडदान पुत्राने करावयाचे, म्हणून दत्तक मुलगाच असे. मुलीच्या दत्तकास न्यायालयांनी सामान्यतः मान्यता दिली नाही. मूल समान वर्णाचे असावे लागे. देण्याचा अधिकार केवळ जन्मदात्या पित्यास व मातेस होता. आता या शेवटच्या नियमाचा परिणाम पाहा. ज्या मुलाचे आईबाप मरून गेले, त्यास दत्तक देणारेच कोणी उरले नाही. म्हणून अनाथ मूल दत्तक जाऊ शकत नसे! ज्यास आईबापांची सर्वांहून अधिक गरज, त्यासच ते मिळण्याची वाट बंद. आज हे आपणांस विपरीत वाटते, परंतु त्या काळच्या दृष्टीने त्यात विसंगती नव्हती. कारण दत्तक हा मुलासाठी नव्हताच, तो पितरांसाठी होता.

मग अविवाहित पुरुषाचे काय? ज्याने गृहस्थाश्रमच स्वीकारला नाही त्याला पुत्र घेण्याचा अधिकार कसा, अशी शंका काढली जात असे. तथापि इंग्रजी अमदानीत हे वाद न्यायालयांपुढे आले तेव्हा ब्रह्मचारी व विधुर या दोघांनाही दत्तक घेता येतो, हे मत मान्य झाले. पत्नीची संमतीही त्या काळी आवश्यक मानली जात नसे. यामागील विचार उघड आहे. पितरांचे ऋण अविवाहितावरही असतेच, आणि औरस पुत्राचा संभव नसल्यामुळे दत्तकाची गरज त्यास इतरांहून अधिक. सारांश, अविवाहित पुरुषाने दत्तक घेणे शास्त्रबाह्य होय, ही आजची सर्वसाधारण समजूत जुन्या कायद्याच्या कसोटीवरही टिकत नाही.

विधवेचा अधिकार आणि महाराष्ट्र

स्त्रियांची गोष्ट निराळी होती. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ नये व घेऊ नये, असे वसिष्ठांच्या धर्मसूत्रात वचन आहे. या एका वचनाचे देशाच्या निरनिराळ्या भागांत चार निरनिराळे अर्थ झाले. मिथिलेत असे मानले गेले की, दत्तक घेते वेळीच पतीची अनुज्ञा हवी. सबब विधवेस दत्तक घेताच येत नाही. बंगाल व काशी प्रांतांत पतीने हयातीत दिलेली अनुज्ञा त्याच्या मरणानंतरही पुरेशी मानली गेली. मद्रासेकडे पतीची अनुज्ञा नसल्यास सपिंड नातलगांची संमती चाले. आणि महाराष्ट्रात? हे वचन पती जिवंत असलेल्या स्त्रीपुरतेच आहे, विधवेस कोणाच्याही अनुज्ञेची आवश्यकता नाही, असा सर्वांत उदार अर्थ आपल्या प्रांताने स्वीकारला.

या उदार मताचा मुख्य आधार म्हणजे सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख हा ग्रंथ. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे. काशीस जाऊन स्थायिक झालेले. विवाहित, एवढेच नव्हे तर मुलेबाळे झालेल्या पुरुषासही दत्तक घेता येते, असेही मत नीलकंठांनी आपल्या वडिलांचा हवाला देऊन नोंदविले आहे. महाराष्ट्रातील दत्तकाची रूढी इतर प्रांतांहून मोकळी राहिली, ती या परंपरेमुळे.

या मोकळ्या रूढीचे परिणाम आपल्या इतिहासात ठसठशीत उमटले आहेत. बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या विधवा जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव नावाच्या मुलास दत्तक घेतले; तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या विधवा आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतरावांस दत्तक घेतले. तेच राजर्षी शाहू महाराज. महाराष्ट्राच्या सामाजिक सुधारणेचे हे दोन थोर आधारस्तंभ विधवांनी घेतलेल्या दत्तकांतून आपणांस लाभले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

दत्तकावर राज्यकर्त्यांची वक्रदृष्टी पडली म्हणजे काय होते, हेही महाराष्ट्राने अनुभविले. साताऱ्याचे शहाजी उर्फ अप्पासाहेब महाराज यांनी मृत्युसमयी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने गादीपुरता अमान्य करून १८४८ साली राज्य खालसा केले. झाशीच्या गंगाधररावांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी घेतलेल्या दत्तकाची तीच गत झाली, आणि त्यातून पुढे काय उद्भवले ते शाळेतल्या पोरासही ठाऊक आहे. अखेर १८५८ नंतर हे धोरण सोडून द्यावे लागले व १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा दिल्या.

खाजगी घराण्यांतील दत्तकही निर्वेध पार पडत असे नाही. लोकमान्य टिळकांच्या चरित्राशी कायमचे जोडले गेलेले ताईमहाराज प्रकरण हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. सरदार बाबामहाराज पंडित १८९७ साली वारले. टिळक त्यांच्या इस्टेटीचे एक विश्वस्त होते. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेस ताईमहाराजांनी जगन्नाथ या मुलास दत्तक घेतले. पण दोनच महिन्यांनी कोल्हापूरला दुसऱ्या मुलाचे दत्तविधान झाले आणि पहिला दत्तक नाकारण्यात आला. त्यातून टिळकांवर फौजदारी खटला भरला गेला. ती शिक्षा मुंबईच्या उच्च न्यायालयाने १९०४ साली रद्द केली. दिवाणी दावा मात्र चालतच राहिला, व १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथ महाराजांचा दत्तक कायम केला तेव्हा कोठे तो मिटला. एका दत्तविधानापायी चौदा वर्षे! मधल्या काळात ताईमहाराजही निवर्तल्या होत्या.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. महाराष्ट्रातील विधवेचा अधिकार मोठा खरा, परंतु ती दत्तक घेई तो स्वतःसाठी नव्हे, पतीसाठी. मांडीवर बसलेला मुलगा मृत पतीचा पुत्र होई. किंबहुना पती वारला त्या दिवसापासूनच तो त्याचा पुत्र होता, असे कायदा मानी. त्यामुळे पतीच्या मृत्यूनंतर दीर्घ काळाने घेतलेल्या दत्तकाने भाऊबंदांच्या ताब्यातील मिळकतीचे जुने हिशेब पुन्हा उकरले जात आणि पिढ्यान् पिढ्या दावे चालत. पितरांसाठी योजलेला दत्तक अशा रीतीने हळूहळू मिळकतीसाठी होऊन बसला.

ज्यांना जागा नव्हती

जिला पतीच नाही तिने कोणासाठी दत्तक घ्यावयाचा? अविवाहित स्त्रीस जुन्या कायद्यात स्थान नव्हते ते या कारणाने. मिथिलेतील कृत्रिम पुत्राच्या पद्धतीत स्त्रीस स्वतःसाठी पुत्र करता येई, एवढा एक प्रांतिक अपवाद होता. दुसरा अपवाद सभ्य समाजाने ज्यांच्याकडे पाठ फिरविली होती अशा स्त्रियांचा. नायकिणी व कलावंतिणी यांच्यात मुली दत्तक घेण्याची चाल होती. मथुरा नायकिणीच्या प्रसिद्ध खटल्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८८० साली ती चाल कायद्याने ग्राह्य धरण्याचे नाकारले. अशा मुलींचे पुढे काय होई याची न्यायालयास चिंता वाटली, आणि ती रास्तच होती. तथापि त्याचबरोबर, अविवाहित स्त्री मुलीस आपली म्हणून घेते अशी जी एकमेव रूढी आपल्या प्रांतात होती तिचाही कायदेशीर आधार संपला. मद्रासेकडे मात्र अनीतीचा हेतू नसल्यास असे दत्तक मान्य करण्यात आले.

ज्या बालकांना कोणी नव्हते त्यांच्यासाठी या काळात कायद्याने नव्हे, माणसांनी काम केले. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी आपले मानले व त्यास यशवंत हे नाव ठेवून वाढविले, शिकविले, डॉक्टर केले. पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ साली अशीच संस्था निघाली व प्रार्थनासमाजाने ती चालविली. यशवंताच्या दत्तकात समान वर्णाचा नियम पाळला गेला नव्हता. १८९० साली जोतीराव वारले तेव्हा अंत्यविधीचा अधिकार कोणाचा यावरून भाऊबंदांनी वाद काढला. त्या वेळी सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती घेऊन पुढे चालल्या. दत्तक मुलासाठी असतो, हा विचार महाराष्ट्रात कायद्याच्या पुष्कळ आधी एका दांपत्याने आचरणात आणला होता.

१९५६ चा कायदा

स्वातंत्र्यानंतर हिंदू कायद्याची नव्याने रचना करण्याचे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाती घेतले. हिंदू कोड बिल रखडले व १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच बिलाचे पुढे चार स्वतंत्र कायदे झाले; त्यांच्या मंजुरीत आपल्या महाराष्ट्राचे हरि विनायक पाटसकर यांचा वाटा मोठा होता. या चारांपैकी हिंदू दत्तक व पोटगीविषयक कायदा २१ डिसेंबर १९५६ पासून अमलात आला. तो हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांस लागू आहे.

या कायद्याने शतकानुशतकांची चौकट बदलली. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या कोणाही हिंदू पुरुषास दत्तक घेता येतो, मग तो विवाहित असो वा नसो. विवाहित असल्यास पत्नीची संमती मात्र हवी. आणि आठव्या कलमाने प्रथमच अविवाहित स्त्रीस स्पष्ट शब्दांत, स्वतःच्या नावाने, स्वतःसाठी दत्तक घेण्याचा अधिकार दिला. विधवेस व घटस्फोटितेसही तो मिळाला. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. समान वर्णाची अट गेली. दत्तहोम आवश्यक राहिला नाही. मूल प्रत्यक्ष देणे व घेणे एवढेच आवश्यक ठरले. १९६२ च्या दुरुस्तीने टाकून दिलेल्या व आईबाप अज्ञात असलेल्या मुलांसही पालकाने न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देण्याचा मार्ग मोकळा झाला.

अविवाहितांच्या दृष्टीने महत्त्वाच्या काही तरतुदी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. अविवाहित पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा दत्तक घेतल्यास दोघांच्या वयांत निदान २१ वर्षांचे अंतर हवे. मुलगा घ्यावयाचा तर स्वतःस हिंदू पुत्र, पौत्र वा प्रपौत्र नसावा. मुलगी घ्यावयाची तर मुलगी वा मुलाची मुलगी नसावी. मूल अविवाहित व १५ वर्षांच्या आतील असावे; मात्र याविरुद्ध रूढी असल्यास ती चालते, आणि आपल्याकडील जुनी मोकळी रूढी न्यायालयांनी मान्य केलेली आहे. दत्तक घेतल्यावर त्या पुरुषाने पुढे लग्न केले तर पत्नी मुलाची सावत्र आई होते. स्त्रीने लग्न केले तर पती सावत्र बाप होतो. एकदा झालेला दत्तक मोडता येत नाही. घेणाऱ्यासही नाही आणि मुलासही नाही. दत्तकाबद्दल पैसा देणे वा घेणे हा गुन्हा आहे.

भाऊबंदांच्या जुन्या भीतीचाही या कायद्याने निकाल लावला. मूल दत्तक घेतल्याच्या दिवसापासूनच नव्या घरचे होते. त्यापूर्वी दुसऱ्याकडे गेलेली मिळकत ते परत मागू शकत नाही. तसेच, वेगळा करार नसल्यास, दत्तक घेतला म्हणून घेणाऱ्याचा आपल्या मिळकतीची विल्हेवाट लावण्याचा हक्क जात नाही.

गंमत अशी की, या कायद्यात अविवाहित स्त्री स्वतंत्र झाली, पण विवाहित स्त्री परतंत्रच राहिली. पती जिवंत व शुद्धीवर असता तिला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा अधिकार नव्हता. हा केवळ शब्दांचा प्रश्न नव्हता. मध्य प्रदेशातील एका अपंग स्त्रीचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालातून सर्वांपुढे आले. लग्न झाले तेही नावापुरतेच. ती आयुष्यभर पतीपासून दूर राहिली. म्हातारपणी आधार हवा म्हणून तिने १९७० च्या सुमारास एक मुलगा दत्तक घेतला. पुढे जमिनीच्या कमाल मर्यादेचा प्रश्न आला व दत्तकाच्या वैधतेवर वाद झाला. न्यायालयाने तिच्याविषयी सहानुभूती व्यक्त केली. परंतु घटस्फोटितेप्रमाणे जगणारी स्त्री ही कायद्याने घटस्फोटिता नव्हे, असे म्हणून दत्तक अवैध ठरविला. तिचे लग्नच झाले नसते तर तोच दत्तक वैध ठरला असता! आपल्याकडे ज्यांना परित्यक्ता म्हणतात त्या भगिनींनी या निकालाचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. २०१० च्या दुरुस्तीने विवाहित स्त्रीसही दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला. परंतु सामान्यतः पतीची संमती लागतेच. म्हणून पतीपासून विभक्त असलेल्या स्त्रीने कायदेशीर घटस्फोटाचा किंवा संमतीचा प्रश्न आधी सोडवावा, मगच दत्तकाकडे वळावे.

अनाथ बालकांचा मार्ग

वरील कायदा हिंदूंपुरता. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी व ज्यू यांना १८९० च्या कायद्यान्वये केवळ पालकत्व मिळे. मूल सज्ञान झाले की ते नातेही संपे. सर्वांसाठी एक दत्तक कायदा करण्याचे प्रयत्न १९७२ व १९८० साली संसदेत झाले, पण सिद्धीस गेले नाहीत. अखेर ही वाट बालन्यायाच्या कायद्यातून निघाली. २००० च्या कायद्याने व त्याच्या २००६ च्या दुरुस्तीने अनाथ, सोडून दिलेल्या व स्वाधीन केलेल्या बालकांस, घेणाऱ्याची वैवाहिक स्थिती काहीही असली तरी, दत्तक देणे शक्य झाले. धर्म कोणताही असला तरी या कायद्याखाली दत्तक घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले.

त्यानंतरचा २०१५ चा कायदा जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यात एकट्या व घटस्फोटित व्यक्तीस दत्तक घेण्याचा अधिकार नावानिशी दिला आहे. व्यक्ती शरीराने सुदृढ, मनाने सजग व मुलाचे पालनपोषण करण्याइतकी सांपत्तिक ताकद असलेली हवी. मात्र एकट्या पुरुषास या कायद्याने मुलगी दत्तक मिळत नाही; एकट्या स्त्रीस मुलगा व मुलगी दोन्ही मिळू शकतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठी एकट्या व्यक्तीचे वय ४० पर्यंत, दोन ते चार वर्षांच्या बालकासाठी ४५ पर्यंत, चार ते आठ वर्षांच्या बालकासाठी ५० पर्यंत व त्याहून मोठ्या मुलासाठी ५५ पर्यंत असावे लागते. आणि दोघांच्या वयांत किमान २५ वर्षांचे अंतर हवे. नात्यातील मूल घेताना वयाच्या या अटी शिथिल आहेत.

जुन्या शास्त्रात दाता होता, ग्राहक होता, पितर होते. मूल हे देण्याघेण्याची वस्तू होते. १९५६ च्या कायद्यात घेणाऱ्यास, मग तो विवाहित असो वा नसो, व्यक्ती म्हणून मान मिळाला. २०१५ च्या कायद्यात मध्यभागी मूल आले. त्यास कोणते घर योग्य, हा आता पहिला प्रश्न झाला. म्हणूनच वयाची बंधने आली, घराची पाहणी आली, प्रतीक्षाही आली. मूल मिळण्यास वेळ लागतो म्हणून रागावणाऱ्यांनी हा फरक ध्यानी घ्यावा.

अर्थात कायदा बदलला म्हणून मने लगेच बदलतात असे नाही. आपल्याच राज्यात भुसावळच्या न्यायालयाने एका घटस्फोटित, नोकरी करणाऱ्या स्त्रीस तिच्या बहिणीची मुलगी दत्तक घेण्याची परवानगी नाकारली. ती नोकरी करते, तेव्हा मुलीकडे लक्ष कसे देणार, असे कारण दिले गेले. मुंबईच्या उच्च न्यायालयाने २०२३ साली तो हुकूम रद्द केला, व नोकरी करणारी आई आणि घरी असणारी आई अशी तुलना करणे बुरसटलेल्या मनोवृत्तीचे द्योतक आहे अशा आशयाचे मत नोंदविले. कायदा अशा व्यक्तीस पात्र ठरवीत असता न्यायासनाने आपल्या समजुतीने तिला अपात्र ठरवावे, हे सुशिक्षितांच्या मनातही जुने चित्र किती घट्ट बसले आहे याचेच निदर्शक होय.

आपले कर्तव्य

न्यायालयाकडे बोट दाखविणे सोपे आहे. आपल्या ज्ञातीत काय घडते? आपल्यातील एका अविवाहित भगिनीने काही वर्षांपूर्वी संस्थेतून एक मुलगी दत्तक घेतली. कागदपत्रे सर्व रीतसर. परंतु ज्ञातिसूचीसाठी माहिती गोळा करणाऱ्या कार्यकर्त्याने "वडिलांचे नाव" हा रकाना रिकामा पाहून मुलीचे नावच वगळले. हळदीकुंकवास आलेल्या बायकांनी मुलगी मूळ कोणत्या जातीची, असे तिच्यादेखत विचारले. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. आठ वर्षांच्या मुलास असे प्रश्न कळत नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी कधी वर्गात शिकविलेले नसावे. प्रवेशाच्या अर्जावर बापाच्या नावाशी अडखळून खाली मान घालणारी मुले आम्ही नोकरीच्या काळात पाहिली आहेत. त्यांचा अपराध काय? सरकारने आता मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा नियम केला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांस तो लागू आहे. सरकारी दप्तर जेथवर आले तेथवर आपली ज्ञातिसूची येऊ नये काय?

काही वडीलधारे म्हणतील की, ही संस्था ज्ञातीची. बाहेरचे मूल आत घेतले तर ज्ञाती ती काय उरली? या शंकेचा उपहास करू नये. ती प्रामाणिक आहे. परंतु तिला उत्तर परंपरेतच आहे. दत्तक झाले की मुलाचे जन्मकुळ सुटते व ग्राहकाचे कुळ लागते, हाच दत्तविधानाचा मूळ अर्थ. होम करून आणलेल्या पुतण्याचे गोत्र बदलते असे आपण मानतो आणि संस्थेतून आणलेल्या मुलीचे बदलत नाही असे म्हणतो, हे तर्कास धरून नाही. जी घरात आली ती घरची. जी घरची ती ज्ञातीची.

दुसरा विरोध याहून व्यवहारी असतो व तो बहुधा बोलून दाखविला जात नाही. अविवाहित आत्या वा काका यांच्या पश्चात त्यांचे घर, दागिने, ठेवी आपल्याकडे येतील अशी पुतण्याभाच्यांची अपेक्षा असते. दत्तक मूल आले की कायद्याने तेच पहिले वारस. म्हणून ज्यांना दत्तक घ्यावयाचे आहे त्यांनी काही दक्षता घ्यावी. घरगुती दत्तक असल्यास देणाऱ्या व घेणाऱ्या दोघांच्या सह्यांचे दत्तकपत्र नोंदवून घ्यावे. असे पत्र असल्यास दत्तक कायदेशीर झाला असे न्यायालय गृहीत धरते, तो खोटा ठरविण्याची जबाबदारी विरोधकांवर येते. संस्थेतून घेतलेल्या मुलाचा दत्तक हुकूम व नवा जन्मदाखला जपून ठेवावा. मृत्युपत्र करावे, आणि आपल्या पश्चात मूल अज्ञान असल्यास त्याचा सांभाळ कोण करील तेही त्यात लिहावे. एकट्या माणसाच्या बाबतीत हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे. कारण तेथे मागे दुसरा पालक नसतो. ज्याने हा विचार केला नाही त्याने अजून दत्तकाची घाई करू नये.

संस्थेच्या कार्यकारी मंडळास आमची नम्र सूचना अशी की, ज्ञातिसूचीच्या पुढील आवृत्तीत "वडिलांचे नाव" या रकान्याऐवजी "आई अथवा वडिलांचे नाव" असे छापावे. शिष्यवृत्तीच्या अर्जातही तोच पालट करावा. आणि कायदेशीर दत्तक मुलांस, घेणारी व्यक्ती विवाहित असो वा अविवाहित, ज्ञातीच्या सर्व सोयी निःशंकपणे मिळतील असा ठराव येत्या वार्षिक सभेत करावा. यास खर्च काही नाही.

विधवांच्या मांडीवर वाढलेल्या दोन राजपुत्रांनी महाराष्ट्रात शाळा काढल्या, वसतिगृहे उभारली व शिक्षण गोरगरिबांच्या दारी नेले. त्या वेळी कोणी म्हटले असते की, या घरात पुरुष नाही, येथे मूल कसे वाढणार, तर आपण कशास मुकलो असतो ते वाचकांनीच ठरवावे. ज्ञातीचे बळ तिच्या सूचीतील नावांच्या शुद्धतेत नसून तिने आपले म्हटलेल्या मुलांच्या कर्तृत्वात असते, असे आमचे नम्र मत आहे. ते विचारार्थ सुज्ञांपुढे ठेवून हा लेख पुरा करतो.